‘ट्रँक्विलायझर’ : खुर्चीची झाली गोळी

‘ट्रँक्विलायझर’ म्हटले की आज मन शांत करणारी गोळी आठवते. पण मुळात ती एक खुर्ची होती. फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी 1811 च्या सुमारास मनोरुग्णांसाठी ती तयार केली. रुग्णाला जड लाकडी खुर्चीत बसवायचे, छाती, पोट, हात, पाय पट्ट्यांनी आवळायचे, डोके खोक्यात अडकवायचे आणि बसल्या जागीच विधी उरकता यावेत म्हणून खाली भांडे ठेवायचे. माणूस हलेनासा झाला, की तो शांत झाला असे धरायचे!

हा शब्द खुर्चीवरून उठून औषधाकडे आला तो सर्पगंधा या वनस्पतीमुळे.

सर्पदंश, निद्रानाश आणि वेड यांवर सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिली जाई. बिहारमध्ये तर तिचे नावच ‘पागल की दवा’. पण अनुभवाला प्रयोगाची जोड मिळाली ती विसाव्या शतकात. 1931 साली कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले, की या मुळीने वेडाचा झटका शमतो आणि रक्तदाबही उतरतो. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतली अल्कलॉइड वेगळी काढली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले.

तरीही जगाने कान टवकारले ते मुंबईमुळे. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांवर सर्पगंधेची चाचणी घेतली आणि 1949 मध्ये तिचे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. पुढे 1952 मध्ये बाझेलच्या सीबा कंपनीतील म्यूलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळीतले मुख्य द्रव्य, रिसर्पिन, शुद्ध रूपात मिळवले.

रिसर्पिन दिलेली जनावरे निवांत पडून राहत, पण हलवले की जागी होत. ही गुंगी नव्हती, त्यामुळे झोपेच्या औषधांचे जुने शब्द या अवस्थेला लागू पडेनात. सीबाचेच एफ. एफ. यॉंकमन यांनी 1953 मध्ये या परिणामासाठी ‘ट्रँक्विलायझिंग’ हा शब्द वापरला आणि तो रुळला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कचे नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवर या औषधाने केलेल्या उपचारांचे अनुभव मांडले. 1957 चा लास्कर पुरस्कार वकील आणि क्लाइन या दोघांनाही मिळाला.

त्याच वर्षी स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिले. ससे कान पाडून निपचित बसले. मग, मेंदूत डोपामीन ज्यापासून बनते ते एल-डोपा त्यांना टोचताच थोड्या वेळात कान उभे राहिले आणि ससे हिंडू लागले. मेंदूतील डोपामीनचे काम उलगडत नेणाऱ्या या संशोधनाला 2000 साली नोबेल मिळाले.

पुढे रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना नैराश्य आल्याचे दिसले आणि त्याचा वापर घटला. म्हणून सर्पगंधा मनाने घेऊ नये, डॉक्टरांना विचारावे. आणि रानात दिसली तर उपटू नये. औषध मुळात असल्याने ते काढताना झाडच जाते, आणि आज तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्‌स कराराखाली नियंत्रित आहे.