भुईमुगाची तीन नावं आणि एक सँडविच

शेंगा फोडता फोडता आज जरा इतिहासात शिरू.

अमेरिकेतल्या पोरांच्या डब्यातलं नेहमीचं खाणं म्हणजे पीनट बटर आणि जेली सँडविच. पावाच्या एका कापाला वाटलेला शेंगदाणा, दुसऱ्याला जेली, आणि दोन्ही काप एकावर एक. पण हेच नाव लंडनच्या माणसाला सांगा, तो तोंड वाकडं करतो. त्याच्याकडे जेली म्हणजे मुख्यतः जिलेटिन घालून केलेला, थलथल हलणारा गोड पदार्थ. तो पावात कोण घालणार? अमेरिकेत मात्र फळांचा गाळलेला रस साखर घालून आटवला की जेली. आपल्याकडे पेरूची जेली करतात ना, तशीच. गर ठेवला की झाला जॅम.

पिकाच्या नावातही असंच. ब्रिटिशांचा 'ग्राउंडनट', अमेरिकेचा 'पीनट'. एकाने भुई पकडली, दुसऱ्याने वाटाणा. आपल्या 'भुईमूग' शब्दात दोन्ही आलं: शेंग जमिनीत लागते आणि जात मुगासारखी, मुळावर गाठी धरणारी. शास्त्राने पाहिलं तर तो 'नट' नाहीच.

अमेरिकेच्या दक्षिण भागात तिसरं नाव आहे, 'गूबर'. ते आफ्रिकेतल्या 'न्गुबा' या शब्दावरून आलं. पीक मूळचं दक्षिण अमेरिकेचं. पोर्तुगीजांनी ते आफ्रिकेत नेलं आणि तिथून गुलामांच्या जहाजांबरोबर ते उत्तर अमेरिकेत पोहोचलं. पिकाबरोबर नावही त्याच लोकांनी नेलं. बरेच दिवस तिथे हे गरिबांचं आणि डुकरांचं खाणं समजलं जायचं.

मग चित्र पालटलं. 1884 मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मार्सेलस एडसन यांनी शेंगदाण्याच्या लगद्याचं पेटंट घेतलं. 1895 मध्ये मिशिगनच्या डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी दाण्याच्या 'बटर'च्या पद्धतीसाठी अर्ज केला. 1901 मध्ये ज्युलिया डेव्हिस चँडलर यांनी बोस्टनच्या एका पाककलेच्या मासिकात शेंगदाण्याचा लगदा आणि जेली एकत्र लावलेल्या सँडविचची कृती दिली.

'एक होता कार्व्हर' वाचलेले म्हणतील, पीनट बटर तर कार्व्हरनी शोधलं! नाही. वरची सालं बघा, सगळी त्यांच्या भुईमुगाच्या कामाच्या आधीची. म्हणून त्यांचं मोठेपण कमी होत नाही. त्यांचं काम शेतातलं होतं. अलाबामाची जमीन कापसाने थकलेली, त्यात मेक्सिकोकडून आलेला बोंड पोखरणारा सोंड्या भुंगा. टस्कीगीहून कार्व्हर सांगत राहिले, शेंगवर्गीय पीक घ्या, जमिनीला नत्र मिळेल. नुसतं पिकवून भागत नाही हेही त्यांना कळत होतं. म्हणून 1916 च्या पत्रिकेत लागवडीबरोबर शेंगदाणा खाण्याच्या 105 कृती दिल्या. अलाबामातल्या एंटरप्राइज गावाच्या शेतकऱ्यांना भुईमुगाने असं सावरलं, की 1919 मध्ये त्यांनी चक्क त्या भुंग्याचं स्मारक उभारलं. त्याच्यामुळेच कापूस सोडायची बुद्धी झाली ना!

पुढे भांडण लागलं ते डब्यावरच्या नावावरून. बरणीत दाणे किती असले म्हणजे तिला पीनट बटर म्हणायचं? 1959 मध्ये अमेरिकेच्या सरकारी खात्याने 95 टक्क्यांचा प्रस्ताव मांडला. कंपन्यांना कमी हवे होते. नियम लागू व्हायला 1971 उजाडलं आणि आकडा ठरला 90. शेतकऱ्याच्या दृष्टीने बघा: नावाची व्याख्या ढिली झाली असती, तर प्रत्येक बरणीमागे दाण्याची मागणी तेवढी घटली असती.

म्हणून बाहेरची माहिती वाचताना नावाशी थांबा. अमेरिकेच्या लेखात 'कॉर्न' म्हणजे मका, पण जुन्या ब्रिटिश कागदात गहू, जव सगळं धान्य. खत-औषधाचं प्रमाण उचलायच्या आधी पिकाचं शास्त्रीय नाव बघायचं. भुईमूग असेल तर ॲरॅकिस हायपोजिया. तेवढं जुळलं, की मग पुढचं वाचा.