मुंबई ते लंडन: विमानाचं अंतर किती आणि वेळ किती?

मुंबई ते लंडन हीथ्रो हवाई अंतर सुमारे 7,200 किमी आहे. नकाशावर हा मार्ग वाकडा दिसतो, पण पृथ्वी गोल असल्याने तोच सर्वात जवळचा.

ताशी 900 किमीने 8 तास होतात. प्रत्यक्षात थेट विमानाला जाताना साधारण 9 ते 10 तास लागतात, कारण वारा बहुतेकदा समोरून असतो.

तिकिटावरच्या वेळेत फसू नका. दोन्ही वेळा स्थानिक असतात. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे (हिवाळ्यात साडेपाच). समजा, दुपारी 2 ला सुटून संध्याकाळी 7 ला पोचणार. प्रवास 5 नाही, साडेनऊ तासांचा.

पिंपळे सौदागरहून रस्त्याचे 4 आणि चेक-इनचे 3 तास धरा. म्हणजे सकाळी 7 लाच घर सोडा.