बीमारिस्तानातले सूर

दोन वर्षांपूर्वी माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. बोलताना तो फार अडखळायचा. हजेरीच्या वेळी 'हाजिर' म्हणायचे तरी पहिल्या अक्षरावरच गाडी अडायची आणि मागच्या बाकावरची मुले फिदीफिदी हसायची. हळूहळू त्याने वर्गात तोंड उघडणेच बंद केले. त्या वर्षी पंधरा ऑगस्टसाठी इक्बालच्या 'तराना-ए-हिंदी'चा सराव चालू होता. मी रांगेतून फिरत होते. त्याच्याजवळ आले आणि थबकले. तो सगळ्यांबरोबर गात होता आणि एकाही शब्दावर अडखळत नव्हता.

त्यानंतर मी उर्दूच्या साऱ्या कविता वर्गाकडून चालीवर म्हणून घेऊ लागले. महिनाभराने पालकसभेत एक पालक उठले. म्हणाले, "मॅडम, मुलं इथे शिकायला येतात. हे गाणं-बजावणं आपल्या मजहबमध्ये बसत नाही." ते रागाने बोलत नव्हते, काळजीने बोलत होते. म्हणूनच मला त्यांना उडवून लावता आले नाही. मी गप्प बसले. बी. एड.ला बालमानसशास्त्र शिकले होते, पण या प्रश्नाला लागणारा आपलाच इतिहास मला कोणी शिकवला नव्हता. तो मी नंतर शोधून वाचला. त्या पालकांना जे त्या दिवशी सांगता आले नाही, ते इथे सांगते आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. गुलिस्तान, कब्रस्तान हे शब्द आपल्याला माहीत आहेत. तसाच एक जुना फारसी शब्द आहे, 'बीमारिस्तान'. आजाऱ्यांची जागा, म्हणजे इस्पितळ. इस्लामी जगातल्या मोठ्या शहरांत अशी इस्पितळे होती. दमास्कसमध्ये नूरुद्दीनने 1154 साली बांधलेले बीमारिस्तान प्रसिद्ध आहे, त्याच्या इमारतीत पुढे वैद्यकशास्त्राचे संग्रहालय झाले. कैरोमध्ये सुलतान कलावूनने 1284 च्या सुमारास असेच मोठे इस्पितळ उभारले. अलेप्पोत 1354 साली अर्गून याच्या नावाचे बीमारिस्तान झाले. तिथे मनोरुग्णांच्या खोल्या छोट्या चौकांभोवती होत्या आणि चौकात कारंजे होते. बंद खोलीतल्या माणसाच्या कानावर दिवसरात्र पाण्याचा आवाज पडावा, अशी ती रचना होती.

या इस्पितळांमागे एक वैद्यकीय विचार होता. शरीरात चार द्रव असतात, त्यांचा तोल बिघडला की माणूस आजारी पडतो, हे युनानी वैद्यकाचे सूत्र. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी हकीमसाहेबांच्या तोंडून ते ऐकलेले असते. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने उद या वाद्याच्या चार तारांचे नाते या चार द्रवांशी जोडले. दहाव्या शतकात बसऱ्याच्या 'इख्वान-उस-सफा' या विद्वानांच्या मंडळाने संगीतावर स्वतंत्र रिसाला लिहिला. रुग्णाचे दुखणे हलके व्हावे म्हणून इस्पितळात पहाटे वाजवल्या जाणाऱ्या सुरावटीचा उल्लेख त्यात येतो. आणि इब्न सीनाने 'अल-कानून'मध्ये नाडीच्या चालीत संगीताचा स्वभाव असतो असे सांगितले. ज्याचा कान लयीला तयार, त्याच्या बोटांना नाडी लवकर कळते, असा त्याचा रोख आहे.

अल-किंदीची एक हकीकत इब्नुल किफ्तीने लिहून ठेवली आहे. अल-किंदीच्या शेजारी एक व्यापारी राहत असे. तो या तत्त्वज्ञाची सदा निंदा करी. एके दिवशी व्यापाऱ्याच्या मुलाला अचानक झटका आला आणि त्याची वाचा गेली. सगळा हिशेब त्या मुलाच्याच डोक्यात होता. हकीम थकले, तेव्हा बाप नाइलाजाने अल-किंदीकडे आला. अल-किंदीने नाडीवर हात ठेवला आणि आपल्या शिष्यांना उद वाजवायला बसवले. काही वेळाने मुलगा हलला, उठून बसला, बोलू लागला. बापाने घाईघाईने देण्याघेण्याचा हिशेब विचारून घेतला. मग मुलगा पुन्हा पहिल्यासारखा झाला. बापाने विनवणी केली, तेव्हा अल-किंदी म्हणाला की त्याच्या आयुष्याचा थोडा अंश उरला होता तेवढाच वापरला गेला, आयुष्य वाढवणे माणसाच्या हाती नाही.

ही हकीकत अक्षरशः खरी मानायचे कारण नाही. पण सांगणाऱ्याने शेवट बदलला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. चमत्कार विकायचा असता तर मुलगा खडखडीत बरा झाला असता. सूर काय करू शकतात आणि कुठे थांबतात, हे दोन्ही त्या गोष्टीत आहे.

आता एदिर्नेला जाऊ. तुर्कस्तानच्या या शहरात तुंजा नदीच्या काठी उस्मानी सुलतान दुसऱ्या बायझीदने 1484 ते 1488 या काळात मशीद, मदरसा, लंगरखाना आणि दारुश्शिफा अशा इमारतींचा समूह बांधला. मशीद आणि इस्पितळ एकाच आवारात. इस्पितळाचा मुख्य भाग षट्कोनी आहे, वर घुमट, मध्ये कारंजे आणि भोवती खोल्या. घुमटाखाली काढलेला सूर साऱ्या खोल्यांत पोचतो. सतराव्या शतकाच्या मध्यात प्रवासी एवलिया चलबी तिथे गेला होता. आपल्या 'सियाहतनाम्या'त तो लिहितो की बायझीदने वक्फनाम्यात दहा कलावंतांची तरतूद केली होती. त्यांत तीन गवई, बाकीचे नै, संतूर, उद अशी वाद्ये वाजवणारे. आठवड्यातून तीन दिवस ते रुग्णांपुढे गात-वाजवत. आपल्याकडे जसे राग तसे तिकडे मकाम. कोणत्या मकामाने रुग्णांना बरे वाटते, त्यांची नावेही त्याने दिली आहेत. रुग्णांना फुलांचा वास दिला जाई, खास जेवण मिळे.

एवलिया वाढवून लिहितो, हे इतिहासकारांना ठाऊक आहे. शिवाय सगळेच तिथे गोड नव्हते. काही रुग्णांच्या गळ्यात साखळ्या होत्या, असे त्यानेच लिहिले आहे. जुना काळ सोनेरी करून दाखवायची आपल्याला खोड असते, ती इथे नको. पण वेड लागलेल्या माणसालाही ऐकण्याचा हक्क आहे आणि त्याचा खर्च समाजाच्या वक्फातून व्हावा, ही कल्पना तरी त्या काळात मांडली गेली. आज त्या इमारतीत आरोग्याचे संग्रहालय आहे. 2004 साली त्याला युरोप परिषदेचा संग्रहालय पुरस्कार मिळाला.

मग मजहबचे काय? या प्रश्नावर उलेमांत मतभेद होते आणि आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. इमाम गजाली (मृत्यू 1111) यांनी 'इह्या-उल-उलूम'मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. काही वाद्यांना त्यांनी मनाई केली. पण सूर मुळातच निषिद्ध मानला नाही. काय गायले जाते, कुठे, कोणासाठी आणि ऐकणाऱ्याच्या मनात काय आहे, यावर ते निवाडा सोपवतात. आजारी माणसाच्या उशाशी किंवा अडखळणाऱ्या मुलाच्या जिभेवरच्या सुराला या कसोटीवर काय म्हणायचे, ते वाचकांनीच ठरवावे.

सूर आणि इस्पितळ शेजारी शेजारी पाहायचे तर एदिर्नेपर्यंत जायला नको. आपले मिरज आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथे सतारी बनवायला घेतल्या. त्याच गावात 1894 साली डॉ. वॉन्लेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केले. किराना घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच गावात स्थिरावले. ते फार आजारी पडले, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायले आणि बरे झाले, असे सांगतात. 27 ऑक्टोबर 1937 रोजी दक्षिणेत प्रवासात त्यांचे निधन झाले, पण त्यांना आणून दफन केले ते मिरजेलाच, दर्ग्याच्या आवारात. उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. ऐकायला सगळ्या धर्मांचे लोक बसतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. दर्गा दवाखान्याची जागा घेऊ शकत नाही, हे मिरजकरांना कोणी सांगायला नको. पण दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाला चार लोकांत बसून ऐकायची जागा लागतेच.

आजचे शास्त्रही असेच बेताने बोलते. 2017 साली कॉक्रेन या संस्थेने नैराश्यावरील संगीतोपचाराचे नऊ अभ्यास, एकूण 421 माणसांचे, एकत्र तपासले. नेहमीच्या उपचारांना संगीताची जोड दिली तर निदान थोड्या काळासाठी जास्त फायदा होतो, असा निष्कर्ष निघाला. जोड दिली तर, हे विसरायचे नाही.

म्हणून मी त्या मुलाच्या अब्बांना त्याला वाचा-उपचार तज्ज्ञांना दाखवायला सांगितले, आणि ते घेऊन गेले. मुलगा आता आठवीत आहे. अडखळणे कमी झाले आहे, गेलेले नाही. पण तो वर्गात बोलतो. आणि वर्षभर त्याच्या आवाजात आवाज मिसळून कविता म्हटलेली मुले त्याला हसत नाहीत. बदल त्याच्यापेक्षा त्यांच्यात जास्त झाला, असे मला वाटते.

आपल्याकडे वक्फ म्हटले की जमिनीचे वाद आणि कोर्टकचेऱ्या आठवतात. बायझीदच्या वक्फाने, एवलियाचे खरे मानले तर, वेड्यांसाठी गवई ठेवले होते. आपल्या मोहल्ल्यात आज किती घरांत उदास बाई, विसराळू म्हातारा, गप्प झालेला मुलगा कोपऱ्यात बसलेला आहे! त्यांच्यासाठी एक खोली, आठवड्यातून एक संध्याकाळ, सोबतीला डॉक्टरांचा सल्ला आणि नात, गझल, ओवी म्हणणारे चार गळे. एवढे तर आपल्यालाही जमेल.