लखोट्यांची यादी

मनुष्यजातीचे दोन भाग पडतात. एक पत्रे लिहिणारा आणि दुसरा ती आवक रजिस्टरात चढवणारा. मी दुसऱ्या भागात मोडतो. बी. कॉम. होऊन बँकेत चिकटल्यापासून अनुक्रमांक, तारीख, कोणाकडून आणि विषय या चार रकान्यांत जगातले कोणतेही दुःख मावते, अशी माझी खात्री झाली आहे. सरकारी कचेरीत या कामाला 'बारनिशी' असे भारदस्त नाव आहे. बारनिशीवाल्याने पत्र वाचायचे नसते, ते कुठे आहे एवढेच सांगायचे असते. वाचणे हे साहेबांचे काम. साहेबही वाचत नाहीत. ते 'पाहिले' असे लिहितात.

पण या यादीवाचून भल्याभल्यांचे अडले आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदांचे हजारो रुमाल बांधून पडले होते. गोविंद सखाराम सरदेसाई त्यांत शिरले आणि १९३०च्या सुमारास निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडू लागले. त्या कागदांची एक गंमत अशी की, पत्र लिहिणारा चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना टाकायचा आणि साल पुष्कळदा गाळायचा. वाचणाऱ्याला चालू साल कोणते ते ठाऊकच असे ना! दीडदोनशे वर्षांनी कोणी सरदेसाई आपली पत्रे ओळीने लावायला बसणार आहेत, हे त्या बापड्यांना काय माहीत? एका गाळलेल्या सालापायी इतिहासकारांनी जंत्र्या चाळून डोळे फोडून घेतले.

आता आपण ईमेल वापरतो. तिथेही आधी पत्रेच आली, यादी मागाहून आली. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप धाडला आणि नाव व ठिकाण यांच्यामध्ये '@' हे शेपूटवाले चिन्ह बसवले. निरोप जाऊ लागले, पण आलेले सगळे एकाच फायलीत एकाखाली एक चिकटत. चाळिसावे पत्र हवे तर आधीची एकोणचाळीस डोळ्यांखालून घालायची. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या 'अर्पा' या संस्थेचे प्रमुख होते स्टीफन ल्युकासिक. त्यांना या ईमेलचा भारी नाद, म्हणून ढीगही त्यांचाच मोठा. ते वैतागले आणि हाताखालच्या खात्याचे मुख्य लॉरेन्स रॉबर्ट्स यांच्याकडे कुरकुरले. रॉबर्ट्सनी १९७२ साली 'आरडी' नावाची आज्ञावली लिहून दिली. ती पत्रांची यादी दाखवी. मग हवे ते पत्र उघडा, ठेवा नाहीतर पुसून टाका.

हे वाचून माझा ऊर भरून आला. न्यूटनच्या शोधामागे सफरचंद होते म्हणतात. यादीच्या शोधामागे साहेबाची कुरकुर आहे! अशा कुरकुरीतून आमच्याकडे फक्त नवी रजिस्टरे निघतात.

यादी करायची तर रकाने हवेत. तेही लगेच ठरले. सप्टेंबर १९७३ मध्ये चौघांनी मिळून एक टिपण काढले की, प्रत्येक निरोपाच्या डोक्यावर पाठवणारा, तारीख आणि विषय असावा. या चौघांत टॉमलिन्सन होतेच, आणि अभय भूषण नावाचे आपल्या कानपूरच्या आयआयटीचे पदवीधरही होते. मला तर यात भारतीय बारनिशीचा हात स्पष्ट दिसतो. तज्ज्ञ सहमत होतील असे नाही.

पुढे १९७९ साली कॅलिफोर्नियातल्या रँड या संस्थेत ब्रूस बोर्डन यांनी 'एमएच' ही आज्ञावली रचली. तीत प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल आणि फोल्डर म्हणजे फायलींचा कप्पा. 'स्कॅन' असा एकच शब्द टंकायचा की कप्प्यातली पत्रे ओळीने हजर: क्रमांक, तारीख, कोणाचे, विषय, आणि जागा उरली तर मजकुराची दोन अक्षरे. चालू पत्रापुढे अधिकची खूण, उत्तर धाडलेल्यापुढे उण्याची. एका ओळीत मावेल तेवढे ठेवायचे, उरलेले कापायचे. लग्नाच्या यादीतही आपण हेच करतो.

आपल्याकडे १९८७च्या सुमारास मुंबईत जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात ईमेल सुरू झाली. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमाकडून. त्यातल्या स्वस्त 'शेल' खात्यात चित्रबित्र काही नसे. काळा पडदा, त्यावर 'पाइन' नावाची आज्ञावली आणि एका ओळीला एक पत्र. मला तो पडदा पाहताच आवक रजिस्टराची आठवण झाली होती.

हे सारे आता इतिहासजमा झाले असेल, असे मी समजत होतो. पण गेल्या गणपतीत मिठबावला पुतण्या पडवीत लॅपटॉप घेऊन बसला, तर समोर तोच काळा पडदा! मागच्या माडाखाली गेल्याशिवाय आमच्याकडे रेंजची दुसरी काडी उगवत नाही. म्हणाला, "काका, ही आज्ञावली 'हिमालया'. 'एन्व्हलप लिस्ट' म्हटलं आणि फोल्डरचं नाव दिलं की नुसते लखोटे येतात. आतली पत्रं नि फोटो सर्व्हरवरच राहतात." १९८६ साली मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्डला 'आयमॅप' नावाची रीत बसवली, तिची ही करामत. पोस्टमनने पिशवी न उघडता पत्ते वाचून दाखवावेत, तसे. एका काडीवर पन्नास ओळी उतरल्या.

आमची काकी शेजारी वाती वळत होती. तिने मान वाकडी करून पाहिले आणि विचारले, "सगळा बरा हा रे बाबू. पण ह्येच्यात हळद लागलेला पत्र खंयचा नि फाटक्या कोपऱ्याचा खंयचा, ता कसा कळतला?"

पुतण्या गप्प. काकीच्या काळात मुंबईचे कार्ड पोस्टमनच्या हातात असतानाच लग्नाचे की मयताचे ते अंगणातून कळे. वर 'श्री' नसले की बायका हातातले काम टाकत. अभय भूषणांच्या टिपणात हळदीचा रकाना नाही.

मला मात्र आमच्या धंद्यातली एक ओळ आठवली. एका शाखेत कोणा मुलाची ईमेल आली होती. वडील गेले, खात्यातले पैसे आईला कसे मिळतील, म्हणून. मोबाइलवरून धाडलेली, विषयाचा रकाना कोरा. वर-खाली 'अत्यंत तातडीचे' अशी सात परिपत्रके. त्यांच्यामध्ये ती कोरी ओळ नऊ दिवस पडून होती आणि ती बाई नऊ दिवस बिऱ्हाड उसनवारीवर चालवत होती. यादी अगदी बिनचूक होती, हे विशेष.

तेव्हापासून मी रोज सकाळी यादी काढली की आधी बिनविषयाच्या ओळी उघडतो. विषय लिहायचे दोघांनाच सुचत नाही, असा माझा अनुभव आहे: ज्याच्यावर आभाळ कोसळले आहे त्याला, आणि साहेबांना. साहेबांच्या मी 'पाहिले' म्हणून सोडून देतो.