मेणवलीचा वाडा आणि त्याचे धनी

वाईपासून जवळच, कृष्णेच्या कांठीं, मेणवली नांवाचें एक लहानसें गांव आहे. डिसेंबर १७६८ मध्यें भवानराव पंतप्रतिनिधि यांजकडून हें गांव बाळाजी जनार्दन भानू, म्हणजेच नाना फडणीस, यांस मिळालें. नानांचें वय त्या वेळीं सव्वीस वर्षांचें होतें, आणि पानिपतांतून जीव वांचवून परत आल्यास आठ वर्षें होत आलीं होतीं. त्यांनीं तेथें वस्ती करविली, नदीस पायऱ्यांचा प्रशस्त घाट बांधिला, मेणेश्वराचें व विष्णूचें अशीं दोन देवळें उभारलीं, आणि घाटाच्या वरच्या अंगास सहा चौकांचा भक्कम वाडा उभा केला. घाटावरील लहानशा मंडपांत एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हा सनाचा आंकडा व बाळ येशूसह मेरीची आकृति आहे. चिमाजी अप्पांनीं १७३९ मध्यें वसई घेतली, तेव्हां ती तेथील ख्रिस्ती देवळांतून आली असें सांगतात.

वाडा नानांनीं बांधिला खरा, पण त्यांचें सारें आयुष्य पुण्याच्या कारभारांत गेलें. १७९६ सालीं परशुरामभाऊ पटवर्धनांशीं बेबनाव झाला, तेव्हां ते पुणें सोडून वाईस येऊन राहिले. परंतु तेथेंही निर्धास्त न वाटून त्यांनीं घाट उतरून महाड गांठलें. दौलतीच्या साऱ्या मसलती ज्याच्या हातांत, त्यास स्वतःच्या गांवाच्या वेशीपाशीं असूनही स्वस्थता नव्हती!

१३ मार्च १८०० रोजीं नाना वारले. मागें औरस संतति नव्हती. त्यांची कुटुंब जिऊबाई त्या वेळीं अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. नानांच्या द्रव्याविषयीं लोकांत अनेक वदंता होत्या, आणि दुसऱ्या बाजीरावाची दृष्टि त्या द्रव्यावर होती. नानांची मालमत्ता जप्त झाली, तींत मेणवलीही गेली. धन्याच्या पश्चात् आश्रित पांगतात, हा जगाचा नित्याचा अनुभव. येथें मात्र नानांचे विश्वासू धोंडोपंत नित्सुरे यांनीं लोहगड सोडला नाहीं, आणि बाईसही तेथेंच सांभाळिलें. तीन वर्षें अशीं गेल्यावर १८०३ मध्यें जनरल वेलस्ली याच्या मध्यस्थीनें बोलणें ठरलें: गड पेशव्यांस द्यावा, बाईंच्या जीवितास व अब्रूस धक्का लागूं नये, आणि त्यांस सालीना बारा हजार रुपयांची नेमणूक असावी. त्याप्रमाणें त्या पनवेलीस जाऊन राहिल्या. ज्या इंग्रजांस नानांनीं जन्मभर दूर ठेवण्याची शिकस्त केली, त्यांच्याच हमीवर त्यांच्या विधवेस जगावें लागलें, हें मनास लागल्यावांचून राहत नाहीं. पण ती हमी नसती, तर वाड्याचें काय झालें असतें?

पुढें मेणवली बाईंस परत मिळाली, आणि त्या वाड्यांत येऊन राहिल्या. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली, १८४८ मध्यें साताऱ्याचें राज्य खालसा झालें. बाजीराव ब्रह्मावर्तास गेला तो तेथेंच १८५१ मध्यें वारला. हें सारें पाहून १८५४ सालीं जिऊबाईंनीं देह ठेविला. नानांच्या बुद्धीचें वर्णन करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या मागें चोपन्न वर्षें घराण्याचें नांव जिनें धरून ठेविलें, तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें नाहीं. पुढें दत्तकाच्या वंशाकडे वाडा चालत आला.

वाड्यांत सोन्यानाण्याहून मोलाची एक वस्तु राहिली होती, ती म्हणजे नानांचें दप्तर. रावबहादुर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं तें हस्तगत केलें, आणि 'इतिहाससंग्रह' मासिकांतून त्यांतील कागद प्रसिद्ध होऊं लागले. त्यांचा संग्रह प्रथम साताऱ्याच्या ऐतिहासिक संग्रहालयांत होता. १९३९ मध्यें तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत आला. पुण्याच्या कारभाराचे ते कागद असे पुन्हां पुण्यास पोहोंचले. मेणवलीस वाडा, घाट व ती घंटा राहिली.