२९ एप्रिल १९१६ : कुतमध्ये 'पूना डिव्हिजन'ची शरणागती

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातील, पुण्याचे नाव लावणाऱ्या सहाव्या 'पूना डिव्हिजन'ने या दिवशी इराकमधील कुत येथे तुर्की सैन्यापुढे शस्त्रे ठेवली. बसरा जिंकत ती बगदादच्या उंबरठ्यापर्यंत गेली होती. बगदादजवळच्या टेसिफोनला अडली, मागे फिरली आणि कुतमध्ये वेढली गेली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. वेढा जवळपास पाच महिने चालला. दळणासाठी जात्याचे दगड विमानातून टाकले गेले. टंचाईत वाट्याला आलेले घोड्याचे मांस अनेक हिंदी शिपायांनी आठवडेच्या आठवडे नाकारले, उपाशी राहिले. सुमारे १३ हजार जण कैद झाले. सेनापती टाउनशेंड यांची सोय इस्तंबूलजवळच्या बेटावर झाली. शिपायांना मात्र वाळवंटातून पायी हाकलले, हजारो दगावले. आठवण काढायची ती आधी त्यांची. महायुद्ध संपेपर्यंत ही डिव्हिजन पुन्हा उभी राहिली नाही.