लिस्बनच्या वहीतले नाव

गोव्याच्या मुक्तीची हकीकत शाळेच्या पुस्तकात एका परिच्छेदात आटोपते. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय फौजा गोव्यात शिरल्या, १९ तारखेला गव्हर्नर जनरल वासालु ई सिल्वा याने शरणागती पत्करली आणि १५१० पासून चालत आलेली राजवट दीड दिवसात संपली. वर्गात हा धडा शिकवायला मोठा सोपा. तारखा थोड्या, शेवट गोड. परंतु राज्य जाते तेव्हा झेंडा उतरतो, फौजा बोटीत बसतात, गव्हर्नर घरी जातो. दप्तर मात्र जागच्या जागी राहते. गोव्याच्या तालुक्यांच्या ठिकाणी नागरी नोंदणीच्या कचेऱ्या होत्या. तिथल्या फडताळांत जन्माच्या, लग्नाच्या आणि मृत्यूच्या जाडजूड वह्या होत्या, अन् त्यांत पोर्तुगीज भाषेत, झोकदार वळणाच्या अक्षरात गोमंतकीयांची नावे लिहिलेली होती. त्या वह्या इथेच राहिल्या. पुढे हजारो माणसे त्या वह्यांतले एक पान शोधत का आली, आणि त्या पानाची नक्कल वकिलातीच्या खिडकीतून लिस्बनला पोहोचवून पोर्तुगालचे नागरिक कशी म्हणवू लागली, ती ही गोष्ट.

आधी ती नावे वहीत आली कशी, ते पाहू. १९१० साली पोर्तुगालात राजेशाही कोसळली आणि प्रजासत्ताक आले. धर्मपीठ आणि राज्य यांची फारकत झाली, आणि गोव्यातला हिंदू कायद्याच्या नजरेत प्रथमच ख्रिस्ती प्रजाजनाच्या पंक्तीला बसला. जन्माची नोंद चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वहीतून उठून सरकारी वहीत आली. फोंड्याच्या कचेरीत देवळातल्या भटजींचा नातू आणि एखाद्या ख्रिस्ती दोतोराचा मुलगा एकाखाली एक नोंदले जाऊ लागले. आंगोला-मोझांबिकमधल्या बहुसंख्य आफ्रिकनांना पोर्तुगीज कायदा 'इंदिजेना' म्हणून नागरिकत्वाच्या उंबऱ्याबाहेर ठेवीत असे. गोमंतकीयाची गोष्ट वेगळी. तो कायद्याने नागरिक होता. अर्थात सालाझारच्या राज्यात नागरिकाला तोंड उघडायची चोरी होती. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांना नुसते सभेत बोलू देण्यावरून काय झाले, ते सर्वश्रुत आहे. म्हणजे नागरिकत्व होते खरे, पण ते जन्माच्या वहीत, रस्त्यावर नव्हे.

मुक्तीनंतर भारत सरकारने १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या सातव्या कलमाखाली २८ मार्च १९६२ रोजी एक हुकूम काढला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी ज्याचा स्वतःचा, आईबापांपैकी एकाचा किंवा आजीआजोबांपैकी एकाचा जन्म गोवा, दमण वा दीवमध्ये झाला असेल, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक. अर्ज नको, फी नको, शपथ नको. ज्याला हे नको असेल त्याने एका महिन्याच्या आत प्रशासकाकडे लेखी कळवावे की, मी माझे पूर्वीचेच नागरिकत्व राखू इच्छितो. एक महिना! साडेचारशे वर्षांच्या नात्याचा निकाल लावायला तीस दिवस. बहुतेकांनी काही लिहून दिले नाही, आणि न लिहिता ते भारतीय झाले.

ज्यांनी लिहून दिले त्यांच्यापैकी एका वृद्ध धर्मगुरूचे नाव कायद्याच्या ग्रंथांत अमर झाले आहे. मॉन्सेन्यॉर सेबास्तियांव फ्रान्सिस्को शाविएर दुश रेमेदियुश मोंतेरो. गोव्याच्या मातीतला हा पाद्री. त्याने पोर्तुगीजच राहायचे ठरवले. मग तो आपल्याच गावात परका झाला. राहण्याचा परवाना १९६४ च्या नोव्हेंबरात संपला, तरी तो गेला नाही. खटला झाला, शिक्षा झाली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढले. व्याप्त मुलखातल्या रहिवाशाला हाकलता येत नाही, असा जिनिव्हा कराराचा आधार त्याच्या वतीने घेतला गेला. १९६९ साली सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने तो अमान्य केला. मुलूख भारतात विलीन झाला तेव्हाच 'व्याप्त' ही अवस्था संपली, असा निर्णय झाला. कायदा म्हणून निकालात खोट काढता येत नाही. पण ज्या घरात जन्मलो तिथे राहायला परवाना लागावा, आणि तो संपल्यावरही पाय निघू नये, यात त्या म्हाताऱ्याचे मन मला कायद्याहून जास्त दिसते.

त्या वर्षांत दिल्ली आणि लिस्बन यांच्यात बोलणेच नव्हते. भारताने लिस्बनमधली आपली वकिलात १९५३ साली बंद केली होती आणि दोन वर्षांनी संबंध पुरतेच तुटले. वकिलात नाही म्हणजे काय, हे कळायला मोहन रानड्यांचे उदाहरण पुरे आहे. सांगलीकडचा हा तरुण गोव्यात मराठी शाळेवर मास्तर म्हणून गेला आणि सशस्त्र लढ्यात उतरला. १९५५ साली पकडला गेला आणि पुढे पोर्तुगालच्या तुरुंगात जाऊन पडला. गोवा मुक्त झाला, पण रानडे सुटले नाहीत. त्यांच्यासाठी तुरुंगाचे दार ठोठावणारा भारताचा वकील त्या शहरात नव्हता. सुधीर फडक्यांसारख्या माणसाने आपले गाणे बाजूला ठेवून त्यांच्या सुटकेसाठी खटपट केली, आणि रानडे जानेवारी १९६९ मध्ये बाहेर आले. मुक्तीनंतर सात वर्षांनी!

२५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालात क्रांती झाली, हुकूमशाही गेली. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, नवी दिल्लीत पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारियो सुआरिश आणि आपले परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी करारावर सह्या केल्या. देवराष्ट्र्याच्या शेतकऱ्याच्या मुलाच्या सहीने गोव्याचा दावा कायमचा मिटला. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली हे भारताचे आहेत, आणि ते भारतात आले त्या त्या दिवसापासूनच आहेत, हे पोर्तुगालने मान्य केले. (डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज बँकेने लोकांचे गहाण दागिने लिस्बनला नेले होते, तेही यथावकाश, १९९१ साली, परत आले. कितीएक बायांनी गहाण टाकलेल्या पाटल्या त्यांच्या सुनांनी पाहिल्या असतील.)

मुलूख गेला, हे पोर्तुगालने कबूल केले. माणसे गेली, हे मात्र कबूल केले नाही. १९७५ साली आफ्रिकेतल्या वसाहती स्वतंत्र झाल्या तेव्हा पोर्तुगालने कायदा केला आणि तिथे जन्मलेल्या बहुतेकांचे नागरिकत्व संपवले. पूर्वीच्या पोर्तुगीज हिंदुस्थानात जन्मलेल्यांसाठी मात्र एक वाट उघडी ठेवली: ज्याला आपले नागरिकत्व राखायचे असेल त्याने तसे सांगावे. 'राखायचे' हा शब्द नीट पाहावा. 'मिळवायचे' नव्हे. लिस्बनच्या लेखी गोव्यात १९६१ पूर्वी जन्मलेला माणूस जन्मतःच पोर्तुगीज आहे. त्याचे नाव मध्यवर्ती वहीत उतरवायचे राहून गेले, एवढेच. नाव उतरवले की झाले.

दिल्लीच्या लेखी तीच गोष्ट उलटी आहे. आपल्या घटनेचे नववे कलम आणि १९५५ च्या कायद्याचेही नववे कलम सांगते की, जो स्वखुशीने परदेशाचे नागरिकत्व घेईल तो भारताचा नागरिक राहत नाही. परदेशचा पासपोर्ट हाती असणे हा त्याचा निर्णायक पुरावा, हा नियमही सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच उचलून धरला. मग लिस्बनच्या वहीत नाव चढवणे म्हणजे जुनेच राखणे की नवे घेणे? पासपोर्ट काढला नाही, नुसते नाव चढवले, तर? या प्रश्नावर गोव्यात वकिलांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. सही एकच, एक राज्य म्हणते तू कधी गेलाच नव्हतास, दुसरे म्हणते तू आत्ता निघालास.

पहिली काही वर्षे या वाटेने फारसे कोणी गेले नाही. पोर्तुगाल हा गरीब देश. तिथले तरुणच पोटासाठी फ्रान्सला जात. पण १ जानेवारी १९८६ रोजी पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला, आणि आजोबांच्या जन्माचे पान ही युरोपची किल्ली ठरली. पणजीला पोर्तुगालची कॉन्सुलेट उघडली. लोक पासपोर्ट पोर्तुगालचा काढीत आणि उतरत लंडनला; साऊथॉल, वेम्ब्ली, स्विंडन ही नावे सासष्टीच्या घराघरांत म्हापशा-मडगावइतकी ओळखीची झाली. २०२० च्या अखेरीस इंग्लंडची ही वाट बंद झाली, तरी उरलेला युरोप आहेच.

आता कागदांकडे वळू. काम ऐकायला सोपे आहे. तालुक्याच्या नोंदणी कचेरीतून जन्माच्या नोंदीची संपूर्ण नक्कल काढायची, तिच्यावर सरकारी अधिकाऱ्याची सही, त्या सहीवर वरच्याची सही, आणि मग वकिलातीचा शिक्का. खालच्या सहीची ग्वाही वरची सही देते, अशी ही उतरंड. तिला फाटा देणारा आंतरराष्ट्रीय करार हेग येथे ५ ऑक्टोबर १९६१ रोजी, म्हणजे गोवा मुक्त होण्याआधी अडीच महिने झाला होता. एकाच प्रमाणपत्रावर भागावे, ही त्यातली कल्पना. भारत त्यात २००५ साली आला. आपल्याकडे लोक त्याला अपॉस्टिल म्हणतात आणि त्याचेही एजंट आहेत.

खरी अडचण सहीशिक्क्यांची नसते, नावाची असते. पोर्तुगीज कारकुनाने आपल्या कानाला लागेल तसे नाव लिहिले. प्रभूचा 'पोरोबो' झाला, कामताचा 'कामोतिम', नायकाचा 'नायके', शेणव्याचा 'सिनाय'. 'श' साठी त्याने फुलीसारखा एक्स वापरला, त्यामुळे शंकर नावाचा माणूस एक्सने सुरू होतो. मुक्तीनंतर तोच शंकर प्रभू मराठी शाळेत गेला, इंग्रजीत सही करू लागला, रेशनकार्डावर, मतदारयादीत आणि बँकेत इंग्रजी वळणाने लिहिला गेला. साठ वर्षांनी लिस्बनचा अधिकारी विचारतो, हे दोघे एकच कशावरून? मग प्रतिज्ञापत्रे, दुरुस्तीचे अर्ज, नावबदलाचे कागद. आम्ही मास्तर मंडळींनी या गोंधळात कमी भर घातलेली नाही. आमच्याकडच्या जुन्या दाखल्यांत गावातली निम्मी मुले १ जूनला जन्मलेली सापडतील; शाळा जूनमध्ये उघडते, एवढेच त्याचे कारण.

बायकांचे तर विचारूच नका. जन्माच्या वहीत ती माहेरच्या नावाने. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून घर तिला त्या नावाने हाक मारू लागले. मुलांच्या दाखल्यावर आईचे नाव तेच. आता सिद्ध करा की शांता आणि लक्ष्मी ही एकच बाई. तांदळांतल्या अक्षरांना कोणता अधिकारी शिक्का मारणार?

आणि हे सगळे जमल्यावर घरात खरा प्रश्न उभा राहतो. मुलाला नातवंडांसह युरोपात जायचे असते. पोर्तुगालच्या १९८१ च्या कायद्याप्रमाणे परदेशी जन्मलेले मूल पोर्तुगीज होते ते आईबाप पोर्तुगीज असल्यामुळे. म्हणून १९६१ नंतर जन्मलेल्या मुलासाठी आधी बापाचे नाव लिस्बनला चढायला हवे. "बाबा, तुम्हांला कुठे जायचे आहे? एक सही द्या, बस्स." बापाला कुठेच जायचे नसते. पण पुढे त्याने पासपोर्टही काढला, तर मतदानाचा हक्क जातो. ओसीआय कार्ड घेऊन तो आपल्या अंगणात बसू शकतो, वारसाने आलेली कुळागरे राखू शकतो. नवी शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. ज्याने तरुणपणी मुक्तीच्या दिवशी तिरंगा पाहून डोळे पुसले असतील, त्याला मुलाच्या भाकरीसाठी लिस्बनच्या वहीत शिरायचे असते. मी अशा बापाला दोष देणार नाही आणि मुलालाही नाही. गावात नोकरी असती तर त्याने पणजोबांची वही कशाला उघडली असती?

परतीची वाट कायद्यात आहे, पण ती लांबची आहे. आईबापांनी रीतसर त्याग केल्यामुळे ज्या अज्ञान मुलाचे भारतीयत्व गेले, तो सज्ञान झाल्यापासून एका वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत निवेदन देऊन ते परत मिळवू शकतो. मोठ्यांसाठी पाच वर्षे ओसीआय आणि अर्जाआधी वर्षभर भारतात वास्तव्य, मग नोंदणी. जाताना जितके कागद लागले, येताना त्याहून कमी लागत नाहीत.

गोव्यात अशी घरे आहेत की जिथे थोरला भाऊ १९६१ च्या नोव्हेंबरातला आणि धाकटा १९६४ चा. थोरल्याचे स्वतःचे पान वहीत आहे. त्याला कोणाची सही लागत नाही. धाकट्याला मात्र बापाला घेऊन जावे लागते. नव्वदीच्या बापाला हाताला धरून खुर्चीवर बसवतात, कागद पुढे सारतात, बोट ठेवून जागा दाखवतात. म्हातारा थरथरत्या हाताने सही करतो ती पोर्तुगीज शाळेत गिरवलेल्या वळणाची, आणि नावाच्या शेवटी तो जुना 'ओ' आपसूक उमटतो.